मशीनवरचे सात दिवस

"एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोजा, गुरुजी," ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले. मी चौदापर्यंत पोचलो. अर्ध्या तासानं पुन्हा मोजायला लावलं तेव्हा नवावर अडलो. तिसऱ्या वेळी सहा. पहिलीच्या पोरांकडून रोज शंभरपर्यंत आकडे म्हणून घेणारा मी शिक्षक. सात हा आकडा ओठांवर तयार होता, पण त्याला लागणारी हवा छातीत उरली नव्हती. डॉक्टरांनी बायकोला बाजूला नेलं आणि सांगितलं, "आता नळी घालावी लागेल. थांबून चालणार नाही."

जूनचा शेवटचा आठवडा होता, पाऊस नुकताच धरला होता. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात रात्री वीज गेली की आम्ही सगळे सोप्यात अंथरूण टाकून भुईवरच झोपतो. तीनच्या सुमारास पोटात कळ येऊन मला जाग आली. आदल्या दिवशी बारशाचं जेवण झालं होतं, म्हणून पित्त झालं असेल असं समजून सोडा घेतला. शेजारच्या काकांनीही तेच सांगितलं. त्यात तास-दीड तास गेला, आणि त्या वेळेची हळहळ मला अजून वाटते. पाचला उलटी झाली. साडेपाचला पापण्या उचलेनात, एका कंदिलाचे दोन दिसू लागले. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही नाकातून का बोलताय?" तेव्हा धाकट्या भावानं माझी गोधडी झटकली आणि खालून काळाभोर साप सरकला, अंगावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या. मण्यार. चावल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं. सूज नाही, आग नाही, दातांची खूण शोधूनही सापडली नाही. मण्यारीचं हेच घातक आहे. रात्री भुईवर झोपलेल्या माणसाला ती चावते, दुखत नाही, आणि पहाटे पोट दुखतं म्हणून माणूस ओवा-सोडा घेत बसतो. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि सोबत पापण्या जड झाल्या, तर काहीही घरगुती न करता थेट सरकारी दवाखाना गाठा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून दिल्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर ते एकच औषध चालतं. मग माझा श्वास तरीही का खाली जात होता, हे मला पुढं समजलं. मण्यारीचं विष स्नायूवर थेट घाव घालत नाही. मेंदूचा हुकूम घेऊन येणारा मज्जातंतू जिथं स्नायूला टेकतो, तिथलं त्याचं टोक ते निकामी करतं. प्रतिविष रक्तात फिरणारं विष धरतं, पण टोकापर्यंत पोचून बसलेलं विष त्याच्या हाती लागत नाही. ती टोकं शरीराला नव्यानं उगवावी लागतात आणि त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा.

पहिला तास-सव्वा तास तो माझ्या भावानं घेतला. कराडला नेणाऱ्या १०८ च्या गाडीत डॉक्टर एकटे होते, त्यांचं लक्ष मॉनिटरवर आणि सलाइनवर. त्यांनी नळीला जोडलेला अंबू, म्हणजे हातानं दाबायची हवेची पिशवी, भावाच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमचा स्वतःचा श्वास चालेल त्या चालीनं दाबत राहायचं." झोपेचं औषध उतरलं होतं. माझे डोळे मिटलेले, जीभ लुळी, हात उचलत नव्हते, पण मी जागा होतो. दर दाबाला छाती वर येत होती आणि ती मी आणत नव्हतो. घाटातल्या वळणांवर चाल थोडी बिघडे, पुन्हा सावरे. एकदा मोठ्या खड्ड्यात, एकदा पुलावर दाब यायचा राहिला. तेवढ्या दोन-चार सेकंदांत जी घालमेल झाली तिला माझ्याकडे शब्द नाहीत. हवा हवी आहे हे डोक्याला कळतंय आणि अंगातला एकही तंतू ती मागायला हलत नाही.

कराडच्या मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूमध्ये मला व्हेंटिलेटर लावला. पहिले तीन दिवस श्वास पूर्णपणे मशीनचा. मिनिटाला १४, प्रत्येक श्वासाला ४२० मिलिलिटर हवा. हे आकडे मी बघितले नाहीत, राउंडच्या वेळी ऐकले. डोळे मिटूनच असायचे, बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून सिस्टर पापण्यांवर पट्टी लावत. बाहुल्यासुद्धा उजेडाला हलत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी माझ्या पलंगाशी उभं राहून सांगितलं, "आता काही राहिलं नाही." मी ते शब्दन् शब्द ऐकलं. आयसीयूच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना तिथंच थांबवलं. "मण्यारीच्या पेशंटला सगळं ऐकू येतं," असं म्हणून त्या माझ्या कानाशी वाकल्या, "गुरुजी, ऐकू येत असेल तर उजव्या पायाचा अंगठा हलवा." माझ्या अंगात हलणारं तेवढंच शिल्लक होतं. मी हलवलं. बायको मोठ्यानं रडली. त्या क्षणापासून नळी निघेपर्यंत मॅडम माझ्याशी बोलूनच मशीनला हात लावत, आणि पुढं मी जे लिहिणार आहे त्यातलं बहुतेक त्यांनी मला समजावून सांगितलेलं आहे.

आपण श्वास घेतो म्हणजे नेमकं काय करतो? छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक पातळ स्नायू आहे, श्वासपटल. मॅडम नुसतं 'पडदा' म्हणायच्या. तो आकसून खाली सरकतो, छातीत जागा होते आणि हवा ओढली जाते. जन्मापासून न थांबणारं काम आहे ते. मशीनचं उलट असतं. ते ओढत नाही, ढकलतं. हवा दाबानं आत येते, फुप्फुसं फुगतात आणि पडदा खाली जातो, पण स्वतः आकसून नव्हे, नुसता ढकलला जाऊन. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही श्वास सारखेच दिसतात. आत पडून असणाऱ्याला मात्र फरक कळतो. ते तीन दिवस छाती माझी होती आणि चाल दुसऱ्याची. मला श्वास सोडून व्हायच्या आत पुढचा यायचा, कधी यायला हवा तेव्हा यायचा नाही. हळूहळू मी त्या चालीत माझं मन बसवलं. मनात पाढे म्हणायचो, एका श्वासाला एक ओळ. बेचा पाढा संपला की तिनाचा.

सक्शन ही त्यातली सगळ्यात कठीण वेळ. नळीतला कफ काढायला मशीन क्षणभर सोडावं लागतं. सिस्टर आधी सांगायच्या, "गुरुजी, दहा सेकंद." त्यांनी सांगितल्यामुळेच ते सोसवलं.

चौथ्या दिवशी सकाळी काहीतरी वेगळं झालं. मशीनचा श्वास यायच्या जरा आधी बरगड्यांच्या खाली मला बारीकशी ओढ जाणवली. माझी. मी ती मुद्दाम पुन्हा केली. मशीननं दाद दिली नाही, ते आपल्या वेळेलाच आलं. मी पुन्हा ओढलं, पुन्हा काही नाही. आपण दार वाजवतोय आणि आत कुणाला ऐकू जात नाही, तसं दुपारपर्यंत चाललं. राउंडला मॅडम मशीनच्या स्क्रीनवरच्या रेषेकडे बघत थांबल्या आणि शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या, "हा छोटा खड्डा बघा. पेशंट ओढतोय. जोर कमी पडतोय म्हणून मशीनला कळत नाहीये." पेशंटनं किती ओढलं म्हणजे मशीननं श्वास द्यायचा, याची एक खूण ठरवलेली असते, तिला ट्रिगर म्हणतात. त्यांनी तो हलका केला. पुढच्या वेळी मी ओढलं आणि मशीन आलं. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या हाकेला ओ मिळाली. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलेलं सिस्टरनी पुसलं.

संध्याकाळी मोड बदलला. आता श्वास सुरू मी करायचा, मशीननं मागून दाब द्यायचा. याला प्रेशर सपोर्ट म्हणतात. दाब ठेवला होता १४ (सेंटिमीटर पाण्याच्या मापात). काय सुख होतं ते! बोटभर ओढलं की भरभरून हवा. रात्री मला गाढ झोप लागली. आणि रात्रीतून चार-पाच वेळा अलार्म वाजला. दर वेळी सिस्टर धावत आल्या, मला हलवलं, मी ओढलं, अलार्म थांबला. झोपेत मी श्वास घेणंच थांबवत होतो, आणि तेवढ्यात मशीनचे राखीव श्वास सुरू होत होते. घरच्यांना वाटलं विष पुन्हा चढलं. बायको रात्रभर काचेबाहेर उभी होती.

सकाळी मॅडमनी जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. विष चढलं नव्हतं, मदत जास्त झाली होती. मेंदू रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवून श्वासाचा हुकूम देतो. मशीननं गरजेपेक्षा मोठा श्वास दिला की तो वायू वाजवीपेक्षा जास्त धुतला जातो. मेंदूला हुकूम द्यायचं कारण उरत नाही. जागेपणी माणूस तरीही थोडं ओढत राहतो, झोपेत तेही थांबतं. आणि हुकूम नाही म्हणजे पडद्याला काम नाही. "तुम्हाला सुखाचं वाटत होतं ना? पडदा बसून होता," असं म्हणून त्यांनी सपोर्ट १४ वरून १० वर आणला, दुपारी ८ वर.

मला राग आला, खोटं कशाला लिहू. तोपर्यंत हाताची बोटं परत आली होती. मुलीची पाटी माझ्याजवळ ठेवलेली होती. तिच्यावर मी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'वाढवा'. ८ वर प्रत्येक श्वास कमवावा लागत होता. पोट दुखत होतं, कपाळावर घाम येत होता. बायकोनंही विचारलं, "मॅडम, ते शांत झोपले होते, आता कासावीस दिसतात. कशाला त्रास देता?" ती विचारत होती ते बरोबरच होतं. आयसीयूच्या काचेबाहेर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसाला पेशंट शांत हवा असतो.

मॅडमनी सोनोग्राफीचं मशीन मागवलं. उजव्या बाजूला काखेच्या खाली, खालच्या बरगड्यांच्या फटीत प्रोब ठेवला. माझी पापणी अजून अर्धीच उघडत होती, म्हणून डाव्या बोटानं ती वर धरून मी माझा पडदा बघितला. दोन पांढऱ्या रेषा आणि मधे काळपट पट्टा. तो पट्टा म्हणजे स्नायू. श्वास सोडल्यावर जाडी १.६ मिलिमीटर. इतका पातळ! एवढ्याशा पट्टीवर माणूस जगतो हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी सपोर्ट मुद्दाम १४ वर नेला. श्वास आत आला, पट्टा १.७ झाला. म्हणजे जेमतेम आकसला. पुन्हा ८ वर आणला. मी ओढलं, पट्टा २.० झाला. त्यांनी पाटीवर जाडीतल्या वाढीचा हिशोब मांडला: १४ ला सहा टक्के, ८ ला पंचवीस. "पंधरा ते तीसच्या मधे राहिला तर मला बरं वाटतं. त्याच्या खाली गेला तर स्नायू झिजतो, फार वर गेला तर दमतो, इजाही होऊ शकते." तोच माणूस, तीच पाच मिनिटं, फक्त बटण फिरवलं आणि स्नायूचं काम चौपट. मी पाटी पुसली आणि लिहिलं, 'राहू दे ८'.

स्नायू झिजतो म्हणजे किती लवकर, हे मी नंतर विचारलं. मला वाटलं होतं महिने लागत असतील. त्यांनी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. मेंदूमृत अवयवदात्यांच्या पडद्याचे बारीक तुकडे तपासले गेले. ती माणसं पूर्णपणे मशीनच्या श्वासावर होती, अवघी १८ ते ६९ तास. तेवढ्यात त्यांच्या पडद्याच्या तंतूंची जाडी, म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, निम्म्याहून कमी राहिलं होतं. प्लास्टरमधला हात महिन्याभरानं बारीक होतो, पडद्याला तीन दिवसही पुरतात. माझे तर तीन दिवस पूर्ण मशीनवर गेले होते. माझी अशक्तता विषामुळे किती आणि बसून राहिल्यामुळे किती, असं पाटीवर विचारलं. त्या म्हणाल्या, "वेगळं काढता येणार नाही, गुरुजी. विषानं झोपवलं, मशीननं झोपू दिलं. पण मशीन नसतं तर आपण बोलत नसतो." हे शेवटचं वाक्य मी विसरलेलो नाही. मशीन वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही.

खरं तर हे सगळं हातानंच सुरू झालेलं आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. बियॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद करवून त्यातून नळी घातली आणि पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग जवळजवळ दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पेशंटांशेजारी बसून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. आजचे आयसीयू त्यातूनच आले. हे ऐकलं तेव्हा मला माझा भाऊ आठवला. तो ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे.

सहाव्या दिवशी परीक्षा होती. मशीन काढून नळीला टी-पीस जोडला, नुसता ऑक्सिजन, मागून दाब शून्य. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग माझ्या मानेचे स्नायू दोरीसारखे ताणले. छाती वर जाताना पोट आत जायला लागलं. हे मला दिसत नव्हतं, मामांनी, म्हणजे वॉर्डबॉयनी, ते आधी ओळखून सिस्टरना हाक मारली. श्वासाचा वेग ३८, एका श्वासाला जेमतेम दोनशे मिलिलिटर. वेगाला लिटरमधल्या श्वासानं भागायचं, उत्तर १०५ च्या खाली आलं तर आशा धरायची. माझं १९० आलं. विसाव्या मिनिटाला मशीन परत जोडलं.

मी हरलो असं वाटून त्या दुपारी पाटीला हात लावला नाही. मॅडमनी त्या रात्री सपोर्ट १२ ठेवला. मला नवल वाटलं. काल दाब कमी करणाऱ्या बाई आज वाढवतात कशा? त्यांचं उत्तर साधं होतं. दमलेल्या स्नायूला रात्रभर विसावा, सकाळी पुन्हा काम. पूर्ण आरामही नको आणि राबवून मोडायलाही नको. आमच्याकडे नांगराला नव्यानं जुंपलेल्या खोंडाला असंच वागवतात. पहिल्या दिवशी चार तास, दुसऱ्या दिवशी थोडे जास्त, आणि मान सुजली तर सोडून द्यायचं. त्या रात्री अलार्म वाजला नाही. मधून मधून सिस्टर येऊन श्वासाचा वेग बघत होत्या आणि माझा स्वतःचा श्वास चालू आहे ना याची खात्री करत होत्या.

सातव्या दिवशी सकाळी पुन्हा टी-पीस. या वेळी मी पाढे म्हटले नाहीत, माझी चाल माझीच होती. अर्धा तास झाला. वेग २४, श्वास ३८० मिलिलिटर, भागाकार ६३. "मान उचला." उशीवरून मान उचलली आणि पाच सेकंद धरली. "खोका." खोकलो. मग नळीला जागेवर धरणाऱ्या फुग्यातली हवा काढली आणि नळी बाहेर आली. घसा सोलून निघाल्यासारखा झाला. पहिला श्वास नाकातून आत गेला, थंडगार, आणि त्यात फिनेलचा वास होता.

पुढचं आधीच सांगून टाकतो. तेराव्या दिवशी घरी सोडलं. सोडायच्या आधी पुन्हा सोनोग्राफी केली. पट्टा १.६ वरून २.२ होत होता. एका श्वासात सव्वीस आकडे झाले. दोन महिने फिजिओथेरपिस्टनं दिलेलं श्वास ओढायचं छोटं यंत्र सकाळ-संध्याकाळ वापरलं, त्याचा अडसर आठवड्याला एक खूण वाढवायचा. शाळेत रुजू झाल्यावर सुरुवातीला कविता म्हणताना कडव्याच्या मधेच श्वास तुटायचा, मुलं पुढची ओळ पुरी करायची. घरात आता प्रत्येकाला खाट आहे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचल्याशिवाय कुणी झोपत नाही. आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला साधारण ५८,००० माणसं जातात असा अंदाज आहे, आणि त्यातली कितीतरी भुईवर झोपलेली असतात.

नळी काढली त्या संध्याकाळी घरच्यांना एकेक करून आत सोडलं. बायको आली, हात धरून बसली, काही बोलली नाही. मग भाऊ आला. दोन्ही तळवे खिशात. सात दिवसांत तो आत आलाच नव्हता, बाहेरच्या बाकावरच झोपत होता. उभ्या उभ्याच त्यानं विचारलं, "दादा, गाडीत मी दाबत होतो ते तुला कळत होतं का रे?"

माझा आवाज फुटत नव्हता, नुसती हवा येत होती. तरी म्हणालो, "कळत होतं. पुलावर थांबला होतास."

"हात बधिर झाला होता," तो म्हणाला. "मी हात बदलत होतो."